आठ राउटर, एकच नंबर

आठ राउटर टेबलावर ओळीने मांडले होते. आठही मधल्या एका स्विचला, म्हणजे सगळ्या वायरी एकत्र येतात त्या पेटीला जोडलेले, आठांचेही दिवे हिरवे. आणि भिंतीवरच्या पडद्यावर माझा लॅपटॉप एकच वाक्य पुन्हा पुन्हा दाखवत होता: रिक्वेस्ट टाइम्ड आउट. म्हणजे आपण हाक मारली, पण पलीकडून ओ आली नाही.

ट्रेनिंगचा पहिलाच दिवस, पहिलाच प्रयोग. हा प्रयोग मी कितीतरी ठिकाणी केला होता आणि तो कधी फसला नव्हता. मेहकरच्या त्या मंगल कार्यालयात मात्र मी घामाघूम झाले होते.

आमच्या कंपनीने बुलढाणा जिल्ह्यातले आठ इंटरनेट ऑपरेटर बोलावले होते. प्रत्येकाने येताना आपला एक जादा राउटर सोबत आणला होता. ऑपरेटर म्हणजे तुमच्या गावात खांबावर चढून तुमच्या घरात नेट आणून देणारा माणूस. कंपनी त्याला मोठ्या लाइनवर नेट देते, तो ते आपल्या राउटरमधून घराघरांत वाटतो. मला त्यांना दोन दिवसांत ‘रिंग’ शिकवायची होती. आतापर्यंत प्रत्येक गावाला एकाच बाजूने फायबर यायची. वाटेत जेसीबीने ती तोडली की जोडणी होईपर्यंत पुढचं सगळं बंद. रिंगमध्ये गावाला दोन्ही बाजूंनी फायबर असते. एक तुटली तर नेट दुसऱ्या बाजूने फिरून येतं, आणि गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही.

तिसऱ्या दिवशी अकराला रिंग चालू करायची होती. नाही जमलं तर काय, हे पुण्याच्या साहेबांनी मला निघतानाच सांगितलं होतं. बाहेरची कॉन्ट्रॅक्टर टीम येणार, आठही जणांच्या राउटरचे पासवर्ड ताब्यात घेणार. यापुढे ऑपरेटरने फक्त वायर ओढायची आणि तक्रारी ऐकायच्या. स्वतः उभं केलेलं नेटवर्क, आणि त्यात हात घालायची मुभा नाही. हॉलमधल्या प्रत्येकाला हे माहीत होतं.

“मॅडम, तुमचा स्विचच डब्बा हाये,” मागच्या रांगेतून आवाज आला.

हे इंगळे मास्तर. साठीच्या आसपासचे, शर्टाच्या खिशात टेस्टर. आधी रेडिओ-टीव्ही दुरुस्ती, मग डिश, मग केबल, मग इंटरनेट. कुठल्याही शाळेत ते मास्तर नव्हते. जिल्ह्यातले सगळे ऑपरेटर त्यांना मास्तर म्हणत, म्हणून मास्तर.

“स्विच नवा आहे,” मी म्हणाले. “कालच खोक्यातून काढलाय.”

“नाचता येईना, अंगण वाकडं,” ते शेजारच्याला म्हणाले. मला नीट ऐकू येईल इतक्या हळू.

माझं डोकं लवकर तापतं. त्यातून माझं माहेर याच जिल्ह्यातलं, चिखलीचं, त्यामुळे टोमणा कळायला मला वेळ लागत नाही. पण भांडायला वेळ नव्हता. मी स्विच बदलला. वायरी बदलल्या. मग एकेक राउटर एकटा जोडून पाहिला. एकटा असला की प्रत्येक जण मुकाट ओ देत होता. दुसरा जोडला की दोघेही बेभरवशाचे. म्हणजे राउटर बिघडलेले नव्हते. त्यांचं एकमेकांशी जमत नव्हतं.

तेव्हा माझ्या डोक्यात एक शंका आली. मी वरवट बकालच्या सुजाताताईंना म्हटलं, “तुमच्या राउटरचा मॅक ॲड्रेस वाचा बरं. शेवटची चार अक्षरं.”

मॅक ॲड्रेस म्हणजे मोटारसायकलचा चेसिस नंबर असतो तसला नंबर. कारखान्यातूनच तो प्रत्येक मशीनवर पडतो आणि प्रत्येकाचा वेगळा असतो. स्विच त्या नंबरावरूनच ठरवतो, कोणाचं पाकीट कोणाला द्यायचं.

“तीन, ए, सात, एफ,” सुजाताताईंनी वाचलं.

“अबे, माहं बी तेच!” धाडचा नितीन ओरडला. हा सगळ्यांत बोलका. धाडच्या बाजारपेठेतल्या दुकानांना नेट पुरवतो.

तिसऱ्याचं तेच. चौथ्याचं तेच. मी एकेकाला विचारत गेले आणि आठही जणांनी तीच चार अक्षरं वाचली. शेवटी वाचली ती इंगळे मास्तरांनी.

“हे राउटर सेट कोणी केले?” मी विचारलं.

सात माना मागच्या रांगेकडे वळल्या.

“आमच्याकडं रीतच हाये, मॅडम,” सुजाताताई म्हणाल्या. “नवा राउटर घेतला का आधी मास्तरकडं न्याचा. नारळ न् पेढे. मास्तर पेनड्राइव लावतेत, पाच मिनटात राउटर चालू. मंग कुकू लावून घरी.”

त्या पेनड्राइव्हवर मास्तरांच्या पहिल्या राउटरची बॅकअप फाइल होती. बॅकअप म्हणजे मशीनची हुबेहूब नक्कल, बिघडलं तर त्याच मशीनमध्ये परत भरायची. पण ती दुसऱ्या मशीनमध्ये भरली तर बाकी सगळ्यासोबत चेसिस नंबरही जातो. हे मास्तरांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि आपापल्या गावात एकेकटे होते तोवर त्यामुळे कोणाचं काही अडलंही नव्हतं.

मास्तरांनी समोरचा आपला जुना राउटर उलटा केला. खालच्या स्टिकरवर तीच चार अक्षरं होती. बाकी सातांनी आपापले उलटे केले. सात स्टिकरवर सात वेगळे नंबर. आत मात्र सगळ्यांच्या मास्तरांचाच.

“मंजे आपण सगळे मास्तरच हाओत की!” नितीन म्हणाला.

हॉल हसला. मीही हसले. मास्तर हसले नाहीत.

जेवणाच्या सुट्टीत साहेबांचा फोन आला. मी घडलं ते सांगितलं.

“अहो, मग एक कमांड आहे ना? नंबर मूळचा होतो. एक फाइल बनवा, आठही राउटरमध्ये टाका, विषय संपला.”

“आणि उद्या रिंगमध्ये काही बिघडलं तर? यांना काय कळणार कुठे बघायचं?”

“त्यासाठीच तर कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय मी.”

“दोन दिवस दिलेत ना साहेब? अजून एक दुपारही झालेली नाही.” आणि मी फोन ठेवला. उद्धटपणाच होता तो. पण साहेब चुकीचं सांगत होते. एका फाइलने झालेला घोळ ते दुसऱ्या फाइलने निस्तरायला निघाले होते. फरक एवढाच, की या वेळी पेनड्राइव्ह माझा असता.

हॉलच्या दारात मास्तर आपली बॅग गाडीच्या कॅरिअरला बांधत होते.

“मास्तर, राउटर आतच राहिला तुमचा.”

“राहू द्या. त्याले घरी नेऊन का करू?” ते दोरीला गाठ मारत म्हणाले. “इतकी वर्षं या पोट्ट्यायले सांगतलं, चालते ते चालू द्या, हात लावू नका. आता त्यायचे पासवर्ड जातीन, ते माह्या फाइलपायी. कोन्या तोंडानं बसू अंदर?”

मघाचा माझा राग कुठल्या कुठे गेला. वाईट वाटलं, आणि लाजही. मी हसले होते.

“त्या फाइलमध्ये काय लिहिलंय, पाठ आहे तुम्हाला?”

“ओळ न् ओळ. झोपेत बी सांगीन.”

“मग दुपारचं सेशन तुम्ही घ्या. पेनड्राइव्ह कोणी लावायचा नाही. तुम्ही ओळ सांगायची, त्यांनी हाताने लिहायची.”

मास्तर दोरीच्या गाठीकडे बघत म्हणाले, “मॅडम, खरं सांगू का? मले ‘काऊन’ माहीत नाही. असं लेहलं का चालते, येवढंच माहीत. मलेही एका जनानं लिहून देल्लं व्हतं. मी त्याले कधी इचारलंच नाही. मास्तर म्हनून घेतलेल्या मानसानं कसं इचारावं?” काऊन म्हणजे आमच्याकडचं ‘का’.

“काऊन मी सांगते. ओळ तुमची, काऊन माझं.”

त्यांनी गाठ सोडली.

दुपारी पहिलं काम होतं आठही राउटर कोरे करायचं, म्हणजे आत भरलेलं सगळं पुसून टाकायचं. आपला राउटर कोरा कसा दिसतो, हे मास्तर सोडले तर कोणी पाहिलंच नव्हतं. सुजाताताईंचं बोट बटणापाशी जाऊन थांबलं. “मॅडम, हे पुन्हा येईन ना?” मी म्हटलं, “तुम्ही आणाल.” त्यांनी डोळे मिटून बटण दाबलं.

मग मास्तर उभे राहिले आणि आम्ही दोघं कामाला लागलो. ते ओळ सांगायचे, सात जण लिहायचे, मी कारण सांगायची. हा पत्ता का, हा दरवाजा बंद का, शेजारच्या गावाकडे जायचा रस्ता कुठे लिहायचा. चुका भरपूर झाल्या. मध्येच एका ओळीपाशी मी अडले. “मास्तर, ही ओळ कशासाठी, मलाही कळत नाही.”

“ते जुन्या मोडेमपायी व्हतं. आता ते कोनापाशीच नाही,” मास्तर म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले. मेलेल्या मोडेमची ती ओळ आठ गावं निमूटपणे सांभाळत होती. ते एक काऊन त्यांनी मला शिकवलं.

दुसऱ्या दिवशी स्विच काढून राउटर एकमेकांना गोल जोडले, आणि दुपारी चारला आठही एकमेकांना ओ देऊ लागले. मी मधली एक वायर उपटली, तरी देत राहिले. मग मी पुन्हा सगळे कोरे करायला लावले आणि या खेपेला मास्तरांनाही गप्प बसवलं. साडेसहाला पुन्हा आठ हिरवे.

तिसऱ्या दिवशी सकाळी, गिऱ्हाइकं उठायच्या आत, प्रत्येकाने आपापल्या गावचा चालू राउटर हाताने लिहून काढला. मी मेहकरला मास्तरांच्या दुकानात लॅपटॉप उघडून बसले. अकराला रिंग चालू झाली. आठ गावं पडद्यावर हिरवी.

साहेब फोनवर होते. “आता मी इथून एक लिंक बंद करणार. कोणती, ते सांगणार नाही.”

बंद केली. सात गावं हिरवीच राहिली. धाड लाल झालं.

“बघा,” साहेब म्हणाले. “मी काय म्हणत होतो?”

मास्तरांचा हात माउसकडे गेला. धाडचा पासवर्ड त्यांना माहीत होता, शेजारच्या गावाच्या राउटरमधून आत शिरून दोन मिनिटांत त्यांनी ते सरळ केलं असतं. हात माउसवर टेकला, आणि त्यांनी तो मागे घेतला. खिशातून फोन काढला.

“नितीन, तुहं गाव लाल झालं. काऊन झालं, ते तूच पाह्य.”

बाकी एक शब्द नाही. आम्ही पडद्याकडे बघत राहिलो. चार मिनिटं गेली असतील, मला ती फार लांब वाटली. मग मास्तरांच्या फोनमधून नितीनचा आवाज आला.

“मास्तर, सापडलं! दुसऱ्या बाजूचा रस्ता लेहला, पण शेजाऱ्याचा पत्ता टाकायच्या जागी माहाच टाकला. मी माह्याच घरी चक्कर मारत बसलो व्हतो. पाह्य आता.”

धाड हिरवं झालं.

“शाब्बास बे!” मास्तर इतक्या जोरात ओरडले, की समोरच्या खताच्या दुकानातली माणसं बाहेर आली.

“धाडचं कोणी दुरुस्त केलं?” साहेबांनी विचारलं.

“धाडच्याच माणसाने.”

साहेब म्हणाले, “ठीक आहे. पासवर्ड राहू देत त्यांच्याकडे. कॉन्ट्रॅक्टरला मी कळवतो.”

माझ्या नोकरीत मोठमोठी नेटवर्कं उभी राहिलेली मी पाहिली आहेत. पण त्या चार मिनिटांचा वाटतो तेवढा अभिमान मला कशाचाच वाटत नाही, आणि त्या चार मिनिटांत मी काहीही केलेलं नव्हतं.

साहेबांनी पुढे माझ्या नोट्स मागवून घेतल्या, बाकीच्या जिल्ह्यांना जशाच्या तशा पाठवायला. मी दिल्या. नोकरी आहे. पण तेव्हापासून नव्या गावी गेले की प्रोजेक्टर लावायच्या आधी एकच प्रश्न विचारते: इथे माझ्या आधी कोण शिकवतं? त्या माणसाला मी पहिल्या रांगेत बसवते. ‘कोणी नाही’ असं उत्तर अजून एकाही गावात मिळालेलं नाही.