फौजीकाकांचं ‘हो मॅडम’

उमेदीची वर्षं फौजेत वायरलेसवर घालवून काका निवृत्त झाले आणि केस पिकायला लागले असताना कॉलेजात जाऊन बसले. शिक्षण अर्धवट सुटल्याचा सल मनात होताच. माजी सैनिकाची फी सरकार भरणार होतं, अट एकच: प्रत्येक विषयात पास व्हायचं. नापास झालात तर एकदा फेरपरीक्षा. तीही गेली की सवलत बंद. मुलीचं कॉलेजही चालू होतं. सवलत गेली तर काकांचं दप्तर खुंटीला टांगलं जाणार, हे घरात कुणी बोलून दाखवत नसलं तरी सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि पहिल्याच सत्रात संख्याशास्त्रात काकांची दांडी उडाली.

त्याला कारण काकांची सवय. संख्याशास्त्राच्या मॅडम त्यांच्या मुलीपेक्षा थोड्याच मोठ्या, पण काकांच्या लेखी खडू घेऊन समोर उभं राहिलेलं माणूस म्हणजे साहेबच. फळा भरला की मॅडम विचारायच्या, “समजलं?” काका ताडकन उठून खणखणीत आवाजात सांगायचे, “हो मॅडम!” साहेबासमोर दुसरं उत्तर त्यांच्या जिभेवर यायचंच नाही. मॅडम खूश होऊन फळा पुसायच्या.

निकाल लागला त्या दिवशी मागच्या बाकावरच्या चष्मेवालीने त्यांना जिन्यात गाठलं. तीही गटांगळी खाल्लेलीच.

“फौजीकाका, तुमच्या ‘हो’पायी आमचीही वाट लागली. तुम्ही तोफ डागली की मॅडम पुढे पळतात!”

“मग तुम्ही का नाही विचारलंत?”

“तुमच्या आवाजानंतर कुणाची छाती होते, काका?”

घरी काकू शिलाई मशीनवर होत्या. सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, “त्यात नवल कसलं? लग्न झाल्यापासून बघतेय. बाजारातून काय आणायचं ते सांगितलं की आधी ‘हो’, आणि पिशवीतून निघतं भलतंच.” मग मशीन थांबवून त्यांनी विचारलं, “पण काय हो, वायरलेसवर नीट ऐकू आलं नाही तर काय करायचात?”

“पुन्हा सांगा म्हणायचो. अर्धामुर्धा निरोप पुढे गेला तर माणसं मरतात.”

“पलीकडे साहेब असला तरी?”

“सेनापती असला तरी!”

“मग वर्गातच काय कानात बोळे घालून बसता?”

 

दुसऱ्या दिवशी फेरपरीक्षेच्या तयारीच्या तासाला मॅडमचा फळा भरला. “समजलं?” काका उठले. ओठांवर आलेला ‘हो’ त्यांनी दातांखाली दाबला.

“नाही समजलं, मॅडम. पुन्हा सांगा.”

मॅडमच्या कपाळाला आठी पडली. “कुठून?”

“पहिल्या ओळीपासून.”

मॅडमना वाटलं थट्टा चाललीय. पण काका तसेच ताठ उभे, घाम मात्र मानेवरून ओघळत होता. तेवढ्यात मागून चष्मेवाली म्हणाली, “मलाही, मॅडम.” मग आणखी हात वर झाले. मॅडमनी फळा पुसला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

मग हे रोजचंच झालं. एकदा मॅडम वैतागून म्हणाल्या, “काका, अजून किती वेळा?”

“समजेपर्यंत, मॅडम.”

फेरपरीक्षेत काका काठावर पास झाले. चष्मेवालीला त्यांच्यापेक्षा बरेच जास्त मार्क पडले, हे तिने त्यांना दोनदा ऐकवलं. सवलत मात्र टिकली.

पुढच्या सत्रात नवे सर आले. आवाज करडा, मिशा जाड, अगदी पलटणीतल्या साहेबासारखे. पहिल्याच तासाला त्यांनी फळा भरून विचारलं, “समजलं?” मागच्या बाकांवरच्या माना काकांकडे वळल्या.

काका आधीच उठून उभे होते. “नाही समजलं, सर. पुन्हा सांगा.”