देवाच्या कामाले दिलेला

वरठीच्या फलाटावर मला निरोप द्यायला आमची सगळी मंडळी आली होती. मंडळी म्हणजे भंडाऱ्यातली पंधरा-सोळा ख्रिस्ती घरं. १९७४ चा जून होता. कोणी सायकलवर आलं होतं, कोणी एसटीनं. पाळकसाहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि बायकांनी गीत धरलं. आई गात नव्हती. पदराच्या टोकानं माझ्या ट्रंकेवरची धूळ पुसत होती, पुसलेलीच जागा परत पुसत होती.

गाडी हलली तेव्हा बाबा खिडकीपाशी चालत चालत म्हणाले, "शमुवेल, माह्या बापानं आरी टाकली, मी खडू धरला. आता तू पुलपिटावर उभा राहून उपदेश करशील."

मंडळीतले तुम्ही जे तिकडेच राहिलात, त्या तुम्हाला हे वाक्य समजावून सांगायला नको. जे माझ्यासारखे दूर गेले, त्यांच्या मुलांना मात्र सांगावं लागेल. माझे आजोबा मोहाडीकडच्या एका खेड्यात चामड्याचं काम करत. मोटा शिवत, चपला शिवत, आणि ज्यांच्या चपला शिवल्या त्यांच्याच ओसरीवर त्यांना पाय ठेवता येत नसे. बाप्तिस्मा घेतला त्या वर्षी त्यांनी ते काम सोडलं, दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, राबले आणि बाबांना शाळेत घातलं. बाबा मास्तर झाले. आमच्या घरात चामड्याचा विषयही निघत नसे.

आणि मी तर दिलेला मुलगा. पाच वर्षांचा असताना मला टायफॉईड झाला होता. मी जगत नाही असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा आईनं गुडघे टेकले आणि म्हणाली, याले वाचव, मी तुझ्या कामाले देईन. पुढे मी आंधळगावच्या मामाकडे खेळताना विहिरीच्या काठावर चढलो, की मामी ओरडायची, "उतर बाप्पा, तू आमचा नोहोस, देवाचा होस." लहानपणी मला त्याचा अभिमान वाटायचा. मोठेपणी थोडी भीती.

पुण्याच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत मी अडीच वर्षं काढली. अभ्यास वाईट नव्हता. उपदेशही मला बरा जमायचा. 'मले' म्हटलं की वर्गातली मुलं हसायची, म्हणून 'मला' म्हणायला शिकलो. भाताला धानाचा वास येत नव्हता, तरी जेवायला शिकलो. दर रविवारी घरी अंतर्देशीय पत्र टाकायचो, आणि बाबांचं उत्तर यायचं ते 'भावी पाळक' अशा मायन्याचं.

दुसऱ्या उन्हाळ्यात आम्हा विद्यार्थ्यांना कामाच्या अनुभवासाठी पाठवलं. माझ्या वाट्याला कोल्हापूरच्या बाजूचा एक कुष्ठरोग दवाखाना आला. रोज सकाळी वॉर्डात प्रार्थना घ्यायची, एवढंच काम. तिथं गंगूबाई नावाची म्हातारी होती. मी दुःखसहनावर बोललो, तेव्हा तिनं मन लावून ऐकलं. मग मला जवळ बोलावून म्हणाली, "लेकरा, लई चांगलं बोललास. पर माझ्या पायाचं बघ की जरा." तिच्या चपलेतला एक खिळा वर आला होता. टाचेत रुतला होता आणि ती त्याच्यावर दिवसभर चालली होती. पायाला काही कळतच नव्हतं. पायतण उचललं तर खाली रक्त.

मी तिला दवाखान्याच्या मागच्या शेडमध्ये नेलं. तिथं जोसेफकाका बसत. त्यांना स्वतःला पूर्वी हा रोग झालेला, दोन बोटं वाकलेली. बरे झाल्यावर ते तिथंच राहिले आणि रोग्यांसाठी पायतणं शिवू लागले. स्पंजासारखं मऊ रबर तळाला, वर चामड्याचे रुंद पट्टे, मागे टाचेला बांधायचा पट्टा, आणि खिळा एकही नाही. सगळं चिकटवलेलं आणि हातानं शिवलेलं. ते म्हणाले, "बसलाच आहेस तर धर हे." मी पट्टा धरला. दुसऱ्या दिवशी टाका घातला. माझा हात कसा काय चालला, मला ठाऊक नाही. काकांनी तो टाका बोटानं ओढून पाहिला आणि विचारलं, "कुणी शिकवलं?" मी म्हणालो, कुणी नाही. हे खरं होतं.

तीन आठवड्यांनी गंगूबाई माझ्या हातच्या पायतणांनी विहिरीपर्यंत जाऊन आली आणि जखम उघडली नाही. त्या दिवशी मला जे वाटलं, ते पुलपिटावर कधी वाटलं नव्हतं. देवाची हाक म्हणतात ती हीच की नाही, यावर मी पुढे सहा महिने स्वतःशी भांडलो. मग पुणं सोडलं आणि त्या शेडमध्ये परत गेलो.

घरी सांगायला मी स्वतः गेलो. बाबा खुर्चीत बसले होते. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माह्या बापानं टाकलेली आरी तू उचलली. कायले?" आई स्वयंपाकघराच्या दारातून हळूच बोलली, "देवाच्या कामाले देईन म्हटली होती मी. कोणतं काम, ते म्हटली नव्हती." बाबा उठून बाहेर गेले.

त्यानंतर पत्रं आईच्या नावानं येऊ लागली. अक्षर बाबांचंच, कारण आईला लिहिता येत नव्हतं. आई सांगायची आणि ते लिहायचे. 'आई म्हणते, धान चांगलं झालं. आई म्हणते, तब्येत जप.' सात वर्षं बाबांनी स्वतःचं एक वाक्य लिहिलं नाही.

१९८३ मध्ये, निवृत्त झाल्यावर, ते आले. न कळवता, एका कापडी पिशवीनिशी. शेडमध्ये बाकावर बसले आणि दुपारपर्यंत माझं काम बघत राहिले. एका रोग्याचं माप घ्यायचं होतं. पाऊल कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवायची असते, पण त्याचं पाऊल वाकडं, सारखं घसरत होतं. जोसेफकाका त्या दिवशी आजारी होते. मी इकडेतिकडे बघितलं. बाबा उठले, खाली मांडी घालून बसले आणि ते पाऊल दोन्ही हातांत धरलं. बोटं झडलेलं, पट्टीतून ओलसर. एखाद्या मुलाचा हात धरून पाटीवर अक्षर गिरवून घ्यावं, तसं त्यांनी ते कागदावर नीट टेकवून धरलं. मी पेन्सिल फिरवली.

दोन दिवसांनी ते गेले. जाताना म्हणाले, "उजेड कमी आहे इथं. डोळे सांभाळ." एवढंच. मी कितीतरी दिवस आणखी एका वाक्याची वाट बघितली.

तीन वर्षांनी ते वारले, तेव्हा मी भंडाऱ्याला पोहोचलो तो दफन आटोपल्यावर. वरठीहून एसटीत बसलो तेव्हाच मला कळून चुकलं होतं की उशीर झाला. आई म्हणाली, "तुह्याकडून आल्यावर पह्यल्याच रविवारी मंडळीसमोर उभे राह्यले. म्हणले, माहा पोरगा सेवेत आहे." मी विचारलं, मला का नाही सांगितलं? आई म्हणाली, "तुले सांगायले जमलं नसन रे."

ते वाक्य पंधरा-सोळा घरांनी ऐकलं. मीच तेवढा नव्हतो. घर सोडणं म्हणजे काय, हे मला त्या दिवशी समजलं. आपल्याविषयीचं सर्वांत चांगलं बोलणं आपल्या पाठीमागे होऊन जातं.

आता आईही नाही. भंडाऱ्यात जाऊन टेकावं असं दार उरलेलं नाही. शेडमध्ये आता विजेचा दिवा आहे, आणि जोसेफकाकांच्या जागी मी बसतो. आमच्याकडे एक रीत आहे, रोग्याला गाव विचारायचं नाही. आपल्या माणसांना कळू नये म्हणून तर ते इतक्या लांब येतात. परवा एक म्हातारा आला. पाय पुढे केला आणि म्हणाला, "मले जराकसं ढिल्लंच ठेवा जी."

मी मान वर केली नाही. कोणत्या गावचे, हा प्रश्न तोंडापर्यंत आला होता, तो गिळला. कागद अंथरला, त्याचं पाऊल धरलं आणि पेन्सिल अगदी हळू फिरवली. म्हातारा आमच्याकडच्याच बोलीत बोलत होता, धानाचं, तळ्याचं, यंदा पाणी कसं आहे त्याचं. माप झालं होतं. मी म्हणालो, "आणखी एकदा घेऊन पाहू जी," आणि नवा कागद काढला.