डावी बाही दोन बोटं लांब

चाळीस वर्षं शिवणकाम करूनही मास्तरांना एक गोष्ट जमली नव्हती, ती म्हणजे आपलं वय झालंय हे कबूल करणं. सुईत दोरा ओवताना आता सात-आठ वेळा नेम चुकायचा, आणि दोष कधी दोऱ्याचा निघायचा, कधी उजेडाचा, कधी सुई बनवणाऱ्यांचा. चष्मा घ्या म्हणून बायको रोज सांगायची. पण बायको जे सांगते त्यातलं निम्मं सवयीनं सांगते, असं मास्तरांचं मत होतं.

मित्रांची मात्र त्यांना ददात नव्हती. रोज संध्याकाळी दुकानातल्या बाकावर चौघे जण येऊन बसायचे. एक निवृत्त पोस्टमन, एक ड्रायव्हर, एक गणिताचे सर आणि एक नुसताच बोलणारा. चौघांच्याही अंगात मास्तरांनीच शिवलेले शर्ट. चहा व्हायचा, जगाची उठाठेव व्हायची, आणि निघताना कुणीतरी म्हणायचंच की मास्तरांसारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही.

मग समोरच्या गाळ्यात इस्त्रीवाली आली. उंच, पन्नाशीची, आपण बरं आपलं काम बरं अशी. आठवडाभरात ती एक शर्ट हातावर टाकून मास्तरांकडे आली.

"मास्तर, हा तुम्ही शिवलाय ना? याची डावी बाही दोन बोटं लांब आहे."

मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. इस्त्री करताना तुम्हीच कापड ताणलं असेल, असं त्यांनी तिला सुनावलं. ती शर्ट उचलून परत गेली. दुसऱ्या दिवशी दुसरा शर्ट घेऊन आली. तिसऱ्या दिवशी तर एक पँट, जिचा एक पाय दुसऱ्याला मागे टाकून पुढे निघाला होता.

संध्याकाळी मास्तरांनी चौकडीपुढे गाऱ्हाणं मांडलं. चौघांनीही इस्त्रीवालीला मनसोक्त नावं ठेवली. मास्तरांच्या जिवाला बरं वाटणार, इतक्यात त्यांच्या डोक्यात काहीतरी टोचलं. थंडी कडाक्याची होती, पोस्टमनने कानटोपी चढवली होती, आणि तरी चौघांच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

"बाह्या खाली सोडा," मास्तर म्हणाले.

चौघे एकमेकांची तोंडं बघू लागले. शेवटी सरांनी डावी बाही सोडली. ती मनगट ओलांडून तळहातावर लोंबू लागली.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली असतील," सर पुटपुटले. "तुला वाईट वाटू नये म्हणून बोललो नाही."

आपल्याला राग कसा आला नाही, याचंच मास्तरांना नवल वाटलं. दोन वर्षं चार माणसं आपल्यासाठी कुडकुडत बसली, हे काय प्रेमाशिवाय होतं? पण त्या प्रेमापायी निम्मं गाव एक हात लांब करून हिंडत होतं, त्याचं काय करायचं?

सकाळी ते समोर गेले आणि डोळ्यांचा डॉक्टर कुठे बसतो ते विचारलं. इस्त्रीवालीने इस्त्री बंद केली, दार ओढून घेतलं आणि स्वतःच बरोबर निघाली. एकटे गेलात तर अर्ध्या वाटेतून परत याल, एवढंच म्हणाली.

तिचा अंदाज फारसा चुकला नव्हता. दवाखान्यात बाहेर बसल्या बसल्या मास्तरांनी कान टवकारले. आतला पेशंट मोठ्यानं वाचत होता ती सगळी अक्षरं त्यांनी घोकली, आणि आपली पाळी येताच, डॉक्टरांनी तक्त्यावरचा दिवा लावायच्या आत, घडाघडा म्हणून टाकली.

"डॉक्टर, त्यांनी पाठ केलंय," दारातून इस्त्रीवाली म्हणाली. "खालून वर विचारा."

चष्मा आला. बायकोने "मी काय सांगत होते" हे वाक्य आठवडाभर पुरवून पुरवून वापरलं. मास्तरांनी पंधरा दिवस नुसत्या बाह्या उसवल्या आणि पुन्हा जोडल्या, सुरुवात चौकडीपासून. ते उरकल्यावर समोर जाऊन त्यांनी एक पँट उचलून उजेडात धरली.

"बाई, इथे घडी दुहेरी पडलीय."

तिने पँट हातात घेऊन नीट पाहिली. "पडलीय खरी," ती म्हणाली. "रोज येऊन बघत जा."

तेव्हापासून दुपारचा चहा दोघं एकत्र घेतात, एकमेकांच्या कामातल्या चुका काढत. मागच्या आठवड्यात मास्तरांनी जरा जास्तच धीर केला. इस्त्री करताना तुम्ही गाता ते फार बेसूर असतं, असं तोंडावर सांगितलं. दोन दिवस समोरून चहाही नाही आणि शब्दही नाही. तिसऱ्या दिवशी ती दोन कप घेऊन आली.

"गाणं बंद करणार नाही," ती म्हणाली. "हळू म्हणेन."

मास्तरांनी बाकावर सरकून तिला जागा करून दिली.