बाणातला ण

आनंदीला डूख धरण्याची सवय लहानपणापासूनच होती. पाचवीत असताना शेजारच्या चंपानं तिची नवी चप्पल विहिरीत टाकली. आनंदी रडली नाही, भांडली नाही, आईकडे चुगली करायलाही गेली नाही. दिवाळी येईपर्यंत थांबली. त्या वर्षी चंपाचा किल्ला आळीत सगळ्यांत देखणा झाला होता आणि त्यावर पेरलेले अळीव हिरवेगार तरारले होते. आनंदीनं भर दुपारी घरची शेळी सोडली. शेळीनं बुरुजापासून बालेकिल्ल्यापर्यंत सगळी हिरवळ फस्त केली, वर दोन मावळेही तुडवले. मग आनंदी चंपाच्या दारात गेली आणि म्हणाली, "शेळी म्या सोडली. चप्पल आठवती का?"

हा तिचा नियमच होता. उट्टं काढायचं आणि ते आपण काढलं हे तोंडावर सांगायचं. न सांगता केलेला सूड तिला भेकडाचं काम वाटे.

वाघोलीत तेव्हा शेतांच्या जागी इमारती उगवत होत्या. इमारतींना लिफ्ट होती, बाग होती, पोहायचा तलाव होता, फक्त पाणी नव्हतं. आनंदीच्या वडिलांनी, संभाजीआबांनी, हे बरोबर हेरलं आणि जमिनीचा तुकडा विकून पाण्याचा टँकर घेतला. दिवसभर त्यांचा फोन वाजायचा आणि आबा प्रत्येकाला सांगायचे, "पानी निघालंय, साहेब, निघालंय." त्या पाण्यावर आनंदी बारावी झाली आणि शहरात कॉलेजला आली. कर्वेनगरात पूर्वा नावाच्या मुलीबरोबर एका खोलीत कॉट बेसिसवर राहू लागली. आबांनी तिला नवा मोबाइल घेऊन दिला आणि रोज दुपारी ते त्यावर एकच प्रश्न विचारू लागले, "आनंदे, जेवन झालं का?"

ऑर्कुटचा जमाना होता. पोरं कॉलेजात शिकायला यायची आणि सायबर कॅफेत राहायची. मोबाइलात गाणी, फोटो, क्लिपा भरायच्या आणि ब्लूटूथनं एकमेकांना वाटायच्या, हाच सगळ्यांचा मुख्य विषय होता. बाकीचे विषय परीक्षेपुरते.

कॉलेजातल्या नव्या मुलांच्या स्वागताचा कार्यक्रम झाला, त्याचं निवेदन दिग्विजय करत होता. एक वर्षानं पुढे, दिसायला नीटनेटका आणि बोलायला तर विचारू नका. कॉलेजातला कुठलाही कार्यक्रम त्याच्या आवाजाशिवाय सुरू होत नसे. एकेकाला मंचावर बोलावून तो माहिती विचारत होता. आनंदीची पाळी आली.

"वडील काय करतात आपले?"

"आमचा पान्याचा टँकर हाय," आनंदी म्हणाली.

दिग्विजय क्षणभर थांबला. माइक तोंडाजवळ नेला आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "पान्याचा? म्हणजे नट पिळायचे पाने टँकर भरभरून विकता का आपण?"

सभागृह कोसळलं. हशा थोडा ओसरल्यावर त्यानं वर समजावून सांगितलं, "न नळातला, ताई, आणि ण बाणातला. पाणी नळातून येत असलं तरी ण बाणातलाच घ्यायचा असतो."

एवढ्यावर भागलं असतं तर आनंदीनं कदाचित सोडूनही दिलं असतं. पण दिग्विजयनं मोबाइल रेकॉर्डिंगला लावून मंचावरच ठेवला होता. त्यातून त्यानं तिचं तेवढं एक वाक्य कापून काढलं आणि त्याची रिंगटोन केली. आठवडाभरात कॉलेजात जिकडे तिकडे आनंदी वाजू लागली. जिन्यात वाजली, ग्रंथालयात वाजली, अकाउंट्सच्या तासाला सरांच्या समोर वाजली. "आमचा पान्याचा टँकर हाय." सरही हसले.

"सोड ना यार, चिल मार," पूर्वा म्हणाली. "दोन दिवसांत लोक बोअर होतील."

"त्याला पानी पाजीन," आनंदी म्हणाली. "नळातलंच पाजीन."

पण तोंड मात्र तिनं मिटलं. वर्गात उत्तर येत असलं तरी ती खाली बघायची. कँटीनवाल्याकडे बोट दाखवून वडा मागायची. पूर्वी आबांचा फोन ती टेबलावरच घ्यायची आणि चांगली मोठ्यानं बोलायची. आता फोन वाजला की उठून पार्किंगमध्ये जायची, "हो. झालं," एवढंच म्हणायची आणि बंद करायची. एकदा तर तिनं आबांना सांगितलं, "जेवन नाही, आबा. जेवण म्हणत जा."

"बरं," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खडा चावल्यासारखं विचारलं, "आनंदे, जेव... ण झालं का?" टँकरच्या स्टिअरिंगवर बसून आपला बाप वाटभर तो ण घोकत आला असणार, हे तिला कळलं. तिला स्वतःची इतकी शरम वाटली की तिथंच एका स्कूटरवर बसून ती रडली. मग डोळे पुसले आणि ही शरमही दिग्विजयच्या नावावर मांडली.

आता गंमत अशी की लिहिताना आनंदीचं कधीच चुकत नसे. व्याकरणात ती शाळेत पहिली यायची. चुकायची ती फक्त जीभ. आणि ऑर्कुटवर जीभ लागतच नव्हती! सगळे जण मराठीच लिहीत, पण इंग्रजी अक्षरांत. तिथं नळातला न आणि बाणातला ण, दोघांनाही मिळून एकच एन. कर्वेनगरच्या सायबरमध्ये पडद्याकडे बघताना हे तिच्या ध्यानात आलं आणि कितीतरी दिवसांनी ती पोटभर हसली.

त्या दुपारी ऑर्कुटवर नीरजा जन्माला आली. राहणार प्रभात रोड, शिकणार दुसऱ्या कॉलेजात, फोटोच्या जागी प्राजक्ताची फुलं. दिग्विजयनं स्वतःबद्दल ऑर्कुटवर लिहून ठेवलं होतं, 'मी वाचनाची आवड ठेवतो.' नीरजानं पहिल्याच स्क्रॅपमध्ये, म्हणजे तिथल्या निरोपात, त्याचा कान धरला. 'आवड असते. ठेवतात ते सामान.'

बिचारा तिथंच खलास झाला. आजवर त्याची सगळ्यांनी वाहवाच केली होती, चूक कुणी काढली नव्हती. स्क्रॅपवरून दोघं मेलवर आले. तो शब्द वापरायचा, ती त्यातला खोटा दागिना उचलून बाजूला ठेवायची. तो भेटू म्हणायचा, ती 'घाई कसली?' म्हणायची. रोज दुपारी कॉलेजात आनंदीच्या शेजारून तो शीळ घालत जायचा आणि संध्याकाळी तिलाच लिहायचा की आज कशातच लक्ष नव्हतं. आनंदीला हे फार गोड लागत होतं. खोटं कशाला बोला, इतकं सुख तिला आयुष्यात कधी झालं नव्हतं.

तिला हवा होता त्याचा आवाज. आवाजाला आवाज, रिंगटोनला रिंगटोन. नीरजानं लिहिलं, 'तुझा आवाज ऐकायचाय.' त्यानं मोबाइलवर बोलून, सायबरमध्ये केबल लावून क्लिप पाठवली. निवेदनच होतं ते. चंद्र होता, चांदणं होतं, जोडाक्षरं एकूण एक घासूनपुसून ठेवलेली. त्यात हसण्यासारखं काहीच नव्हतं. तिनं कळवलं, 'बातम्या छान दिल्यास. पाठ केलेलं नको. मनातलं बोल.'

चार दिवस काही आलं नाही. मग दुसरी क्लिप आली. पूर्वाचे हेडफोन कानात घालून आनंदीनं ती ऐकली. आवाज हळू होता, मागं भांड्यांचा खडखडाट होता.

"नीरजा, खरं सांगू का? मला मनातलं बोलता येतच न्हाई. तुझा मेल आला न्हाई की मला जेवन गोड लागत न्हाई. आजी म्हनती, पोराला नजर लागलीया. एवढंच हाय बघ."

आनंदीनं हेडफोन काढले. परत घातले. परत ऐकलं.

जेवन. म्हनती. हाय.

म्हणजे हा आपल्यातलाच! ह्याच्या घरातही आजी असंच बोलते, बापही बोलत असेल. हा रोज सकाळी घराचा उंबरा ओलांडताना जीभ बदलत असणार आणि दिवसभर सांभाळत असणार, कुठं घसरेल म्हणून भीत असणार. एक क्षण, अगदी एकच क्षण, तिला त्याची कीव आली. पण लगेच ती जाळ झाली. परक्यानं हसावं ते समजू शकतं. ह्यानं घरी तेच खाऊन, तेच बोलून, चारशे पोरांपुढे माझं हसं केलं! आपलं उघडं पडू नये म्हणून माझं फाडलं! तिनं त्या क्लिपमधलं एक वाक्य कापलं, सायबरवाल्याकडून ते आपल्या मोबाइलात घेतलं आणि सकाळी कॉलेजात दोघातिघांना ब्लूटूथनं देऊन टाकलं. आवाज कुणाचा हे सांगायची गरजच नव्हती. तो आवाज सगळं कॉलेज ओळखत होतं.

दुपारी कँटीन भरलं होतं. दिग्विजय चहाचा ग्लास घेऊन उभा होता, चार जण त्याच्याभोवती होते. आनंदी कोपऱ्यात वडा घेऊन बसली होती. कुठल्यातरी टेबलावरचा फोन वाजला.

"मला जेवन गोड लागत न्हाई."

मग दुसऱ्या टेबलावर वाजलं, मग तिसऱ्या. कँटीन डोक्यावर घेतलं पोरांनी. कुणी टेबलं बडवली, कुणी "जेवन! जेवन!" म्हणून ओरडायला लागलं. दिग्विजयच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण बोलला असता तर कुठला न आला असता ह्याचा भरवसा त्यालाच नसावा. त्यानं ग्लास ठेवला आणि तो बाहेर गेला. आनंदी प्रत्येक पावलाकडे बघत होती. चप्पल विहिरीतून वर आली होती. तिनं वड्याचा मोठा घास घेतला.

तेवढ्यात मागच्या टेबलावरची एक मुलगी हसून हसून डोळे पुसत म्हणाली, "अय्या, हा पण त्या टँकरवालीच्यातलाच निघाला!"

हशा वळला आणि आनंदीच्या टेबलापर्यंत आला. सगळे तिच्याकडे बघत होते, रागानं नव्हे, मजेनं. आज दोघं सापडले होते, म्हणजे दुप्पट मजा. घास तिच्या तोंडातच राहिला.

आणि तिचा फोन वाजला. ती सवयीनं उठून पार्किंगमध्ये गेली.

"आनंदे," आबा म्हणाले, आणि आज गडबडीत असावेत, ण विसरले. "जेवन झालं का?"

आतून तोच शब्द आरडाओरड करत बाहेर येत होता. जेवन! जेवन! तिनं फोनवर हात धरला, पण आबांचे कान तिखट.

"काय गं, कसला दंगा?"

"काही नाही, आबा."

"पोरं हसत्यात व्हय? हसू दे. हसायचं वय हाय," आबा म्हणाले आणि टँकर भरायला निघून गेले.

त्या दिवसानंतर दिग्विजय कॉलेजात दिसला नाही. स्नेहसंमेलनाच्या तयारीला त्याला बोलवायला गेलेल्या पोरांना त्याच्या आजीनं दारातूनच परत पाठवलं. आनंदीचा सूड फत्ते झाला होता. फक्त सांगायचं राहिलं होतं. शेळी कुणी सोडली हे त्याला अजून माहीत नव्हतं, आणि सांगितल्याशिवाय तिच्या हिशेबी ते पुरं होत नव्हतं. तरी ती सायबरची पायरी चढायचं टाळत राहिली. हे तिचं तिलाच नवीन होतं.

शेवटी एका संध्याकाळी गेली. नीरजाच्या मेलमध्ये त्याचं एकाच ओळीचं पत्र पडलं होतं. क्लिप नीरजाकडूनच फुटली, हे त्याला कळायला फार डोकं लागणार नव्हतं. शिवी नव्हती, जाब नव्हता. इंग्रजी अक्षरांत इतकंच विचारलं होतं, 'तू पण हसलीस का?'

पी, ए, एन. त्या एनवरून त्यानं 'पण' लिहिलंय की 'पन' हे कळायला काही मार्ग नव्हता. आनंदीनं ओठ हलवून वाचलं. तिला ते 'पन' असंच ऐकू आलं, आबांच्या आवाजात.

तिनं उत्तराची चौकट उघडली. नीरजाचं ठेवणीतलं मराठी तिला आत्ता सुचेना. तिनं लिहिलं, 'हसले. क्लिप म्या पाठवली. टँकरचा हिशोब हुता.' खाली नाव लिहिलं, आनंदी, वाघोली. मग अजून एक ओळ घातली, 'पन ती पोरं माझ्या बापाला हसली.'

पाठवलं आणि ती बाहेर आली. रस्त्यावर माणसं होती, बसथांब्यावर कॉलेजातली दोन ओळखीची पोरंही उभी होती. तिथंच उभं राहून तिनं वाघोलीला फोन लावला. आबांनी उचलल्याबरोबर ती मोठ्यांदा म्हणाली, "आबा, जेवन न्हाई झालं. आता जेवते. तुमचं झालं का?"