जिच्याशी कुणी भांडत नव्हतं

नाशिक रोडला मालधक्क्याच्या मागं चाळीस घरांची वसाहत होती आणि चाळीस घरांत मिळून एक नळ. एवढं सांगितलं की भांडणाचं वेगळं सांगायला नको. सकाळी सहाला पाणी यायचं, साडेसातला जायचं, आणि त्या दीड तासात बायका एकमेकींच्या सात पिढ्या धुऊन काढायच्या. झिंज्या धरायच्या, हंडे आपटायच्या. दुपारी त्याच बायका ओट्यावर एकमेकींच्या उवा काढत बसायच्या. भांडण हा तिथं ख्यालीखुशाली विचारण्याचाच एक प्रकार होता.

चाळीस घरांत एकच बाई अशी, जिच्याशी नऊ वर्षांत कुणी भांडलं नव्हतं. सहादू हमालाची लेक चांगुणा. ती हंडा घेऊन वळणावर दिसली की रांग गप व्हायची. शिवी अर्ध्यात तुटायची. हंडे एकामागून एक बाजूला सरायचे, नळापर्यंत मोकळी वाट पडायची, आणि कुणीतरी मऊ आवाजात म्हणायचं, "ये बाई, तू भर आधी." ती भरत असताना फक्त पाण्याचा आवाज. ती कोपरा वळून गेली की मागं पुन्हा गलका. रोज, न चुकता.

आता लोकांना वाटेल, वसाहत दुष्ट होती. अहो, तसं असतं तर सोपं होतं! वसाहत चांगली होती, तिथंच तर घोडं पेंड खात होतं.

झालं होतं असं. चौऱ्याहत्तर साली चांगुणा सतरा वर्षांची होती आणि स्टेशनाजवळच्या एका कोळशाच्या वखारीत पाटी उचलायला जायची. एका संध्याकाळी वखारवाल्याच्या मेहुण्यानं दार लावून तिच्यावर बलात्कार केला. दुसऱ्या कुठल्या वस्तीनं तोंडावर पदर घेतला असता. या वसाहतीनं नाही घेतला. चाळीस घरांतली माणसं सहादूबरोबर चौकीवर गेली आणि तक्रार लिहून घेईपर्यंत पायरीवरून हलली नाहीत. खटल्याच्या तारखांना बायका आळीपाळीनं पोरीसोबत गेल्या. त्या माणसाला शिक्षा झाली. अशी माणसं ती, खोटं कशाला बोला.

तक्रार झाली त्याच आठवड्यात निंबाखाली बैठक बसली. भिमाजी मुकादम हा वसाहतीचा म्होरक्या, शब्दाचा पक्का आणि मनानं लोणी. तो म्हणाला, "पोरीनं लय सोसलंय. आजपास्नं हिला कुणी वाकडा शब्द बोलायचा नाय. बोलंल त्याच्या घराला आठ दिवस नळ बंद." सगळ्यांनी हात वर केले. सहादूच्या डोळ्यांत पाणी आलं. विठाबाई, म्हणजे चांगुणाची आई, भिमाजीच्या पाया पडायला वाकली.

नळ बंद म्हणजे अर्धा मैल चालून वालदेवीवर जायचं आणि वाळूतल्या झिऱ्यातून वाटीवाटीनं हंडा भरायचा. त्या भीतीनं नियम असा पाळला गेला की सरकारचा कायदासुद्धा कधी पाळला गेला नसेल. आणि वाकडा शब्द कुठला, हे कोण ठरवणार? म्हणून लोकांनी सरळ शब्दही आवरते घेतले. थट्टा बंद झाली. "लग्न कधी गं?" बंद झालं. पुढं पुढं "कुठं चाललीस?" हेसुद्धा बंद झालं. उरलं ते मऊ हसू. चाळीस घरांचं एकच हसू.

पहिलं वर्ष चांगुणाला बरं वाटलं. दुसऱ्या वर्षी तिला ते हसू घरातही दिसू लागलं. तिची आई तोंडाची फटकळ म्हणून धक्क्यापर्यंत नावाजलेली बाई. तीच आता लेकीला "असू दे, बाळा" म्हणायची. चांगुणानं एकदा मुद्दाम पितळी जमिनीवर आपटली, तिला पोचा पडला. "असू दे, बाळा." एकदा कालवणात मूठभर मीठ जास्त टाकलं. आईबाप समोर बसून सगळं जेवले, एक शब्द नाही. बाप तांब्यामागून तांब्या पाणी पीत राहिला आणि तिच्याकडं बघून हसला.

वखार सुटल्यावर ती घरी विड्या वळायची. वसाहतीतला सावळीराम त्या मोजून घ्यायचा, आणि माणूस असा खवट की एका विडीचा दोरा सैल दिसला तर अख्खा कट्टा परत फेकायचा. बायका त्याला रोज शिव्या मोजायच्या. चांगुणाचा कट्टा त्यानं कधी फेकला नाही. तिच्या मनात काय आलं कोण जाणे, एके दिवशी तिनं तंबाखू घातलीच नाही. नुसती पानं वळली, दोरा बांधला, पंचवीस रिकाम्या विड्या सावळीरामपुढं ठेवल्या. त्यानं कट्टा हातात घेतला. तो हलका लागला असणारच. त्यानं एकदा तिच्याकडं पाहिलं, हसला आणि म्हणाला, "झ्याक वळल्यात."

चांगुणाच्या अंगावर सर्रकन काटा आला. आपण रिकामं दिलं तरी चालतं, म्हणजे आपण देतोय हे यांना दिसतच नाही की काय? त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एक विचार शिरला आणि काही केल्या निघेना.

तिची आजी सांगायची, मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. त्याच्यावर रागवू नये, त्याच्यापुढं आधी पान वाढावं, त्याची वाट अडवू नये. चांगुणानं बोटांवर मोजून पाहिलं. सगळं जुळत होतं. आपण त्या संध्याकाळी वखारीतच मेलो. वसाहतीला ठाऊक आहे, आईला ठाऊक आहे, फक्त आपल्याला कुणी सांगितलं नाही.

हे बोलायची तरी सोय होती का? सहादूनं बुद्धाची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देवांचे टाक वालदेवीत सोडले होते आणि त्यांच्यामागून भुतंखेतंही सोडली होती. "आपल्यात भूत नसतं," तो ठणकावून सांगायचा. मग जे नसतंच ते आपण झालोय, असं बापाला कोणत्या तोंडानं सांगणार? बिचारी गपचूप पडताळे घेत राहिली. चालताना मागं वळून पायांचे ठसे बघायची, बोटं पुढंच आहेत ना. भर दुपारी अंगणात उभी राहून सावली बघायची. सावली पडायची, पण तिला वाटायचं, किती फिकट! गल्लीतलं कुत्रं जाणाऱ्या-येणाऱ्यावर भुंकायचं, तिच्यावर नाही. खरं तर ते तिच्या हातची भाकरी खायचं म्हणून भुंकत नव्हतं, पण हे तिला कोण सांगणार? मांडीवर घ्यायला तिनं कुणाचं मूल मागितलं तर त्या मुलाची आई देऊन टाकायची आणि डोळे न हलवता हसत उभी राहायची. मूल तेवढं रडायचं.

वखारवाल्याचा तो मेहुणा शिक्षा भोगून सुटला. एक्क्याऐंशी साली एका दुपारी चांगुणानं त्याला बाजारात पाहिलं. कांदेवालीशी भांडत होता. "काटा मारू नको," तो म्हणत होता, आणि कांदेवाली हात नाचवत म्हणत होती, "चल हट मेल्या, घ्यायचं तर घे नायतर चालू लाग!" चांगुणा खांबाला धरून उभी राहिली. तिला भीती वाटायला हवी होती, राग यायला हवा होता. तिला हेवा वाटला. बघा, त्याला लोक शिव्या देतात, तो जिवंत आहे! मग आपल्याला काय वाटलं हे ध्यानात येऊन तिला ओकारी आली. घरी येऊन ती दोन दिवस भिंतीकडं तोंड करून पडली. आई उशाशी बसून होती. "असू दे, बाळा. असू दे."

आणि मग त्र्याऐंशीच्या मार्गशीर्षात भिकन हमालाची बायको रंगूबाई नामपूरहून नांदायला आली. उंच, काळी, आवाज तुतारीचा, बोली अहिराणी. तिसऱ्याच दिवशी ती पाच वाजल्यापासून नळावर थंडीत कुडकुडत उभी होती. सहाला पाणी आलं, तिचा हंडा पहिला. तेवढ्यात वळणावर चांगुणा दिसली. रांग गप झाली, हंडे सरकले. चांगुणा सवयीनं खाली मान घालून नळाशी आली आणि वाकली.

"ओ बाई! कोठे चालनी तू पुढे पुढे?" रंगूबाईनं तिचा हंडा पायानं मागं ढकलला. "आम्ही काय आठे तमाशा देखाले उभ्या शेतस का? मन्हा हंडा कव्हयना उभा शे. मांगे सरक!"

हंडा खडखडत दगडावरून गडगडला. चांगुणा थिजून रंगूबाईच्या तोंडाकडं बघत राहिली. त्या तोंडावर हसू नव्हतं. भुवया चढलेल्या, नाकपुड्या फुगलेल्या, आणि ते डोळे नीट तिच्याच डोळ्यांत बघत होते. नऊ वर्षांत असं कुणी बघितलं नव्हतं. तिच्या छातीत असं काही धडधडलं की तिनं तिथंच हात दाबून धरला.

बाकी बायकांनी रंगूबाईला घेरलं. विमलाबाई, जी नळावरची सगळ्यांत पट्टीची भांडखोर, तिनंच तिला बाजूला ओढून कानात सगळं सांगितलं. चांगुणा बघत होती. रंगूबाईच्या भुवया उतरल्या, ओठ मिटले, हात तोंडावर गेला. चांगुणाला कळून चुकलं. संपलं. उद्या हीसुद्धा हसणार.

भिमाजीनं नियमाप्रमाणं भिकनच्या घराला आठ दिवस नळ बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांगुणा नळावर आली. वाट मोकळी झाली. "ये बाई, भर आधी," विमलाबाई म्हणाली. चांगुणानं त्या मोकळ्या वाटेकडं पाहिलं, आणि हंडा काखेत मारून ती सरळ वालदेवीच्या रस्त्याला लागली. मागून कुणी "कुठं चाललीस?" विचारलं नाही.

नदीवर धुकं होतं. पाणी दिसत नव्हतं, पैलतीर दिसत नव्हता, वाळूवर स्वतःची सावलीसुद्धा दिसत नव्हती. चांगुणा मधेच थांबली. तिला वाटलं, आपण इथंच विरघळून गेलो तर वसाहतीत एक हंडा कमी झाला एवढंच कळेल. पुढं धुक्यात वाटीनं पाणी भरल्याचा आवाज येत होता. झिऱ्याशी रंगूबाई बसली होती. तिनं मान वर केली.

आता ही हसली तर आपण खरंच मेलो, चांगुणाच्या मनानं घेतलं.

रंगूबाई बराच वेळ बघत राहिली. तिचा चेहरा मऊ होऊ लागला होता, चांगुणाला स्पष्ट दिसलं. मग तिनं भरलेल्या हंड्याकडं पाहिलं, चालायच्या अर्ध्या मैलाकडं पाहिलं, आणि तिचं डोकं फिरलं.

"तुन्हामुये माले आठ दिन पानी नही! मन्ही कंबर मोडनी, आनि तू आठे उभी राहिसन देखी राहिनी? हात लाव ना!"

चांगुणाच्या घशातून काहीतरी निघालं. शब्द नव्हता तो. मग शब्द आला, गंजलेल्या बिजागरीसारखा करकरत. "मी... मी नाय सांगितलं दंड लावायला!"

"मंग कोनी सांगं?"

"त्यांनी! मला विचारलं का कुणी? नऊ वर्षं कुणी विचारलं?" आता तिला थांबता येईना. "तूच लाथ मारलीस माझ्या हंड्याला! पोचा पडलाय त्याला, बघ!"

"पडू दे! नंबर मन्हा व्हता!" रंगूबाई उठून उभी राहिली. मग आवाज थोडा खाली आणून म्हणाली, "त्या बायास्नी माले समदं सांगं. तुन्हासंगे जे व्हयनं ते वाईटच व्हयनं. पन नंबर मन्हा व्हता."

"व्हता," चांगुणा म्हणाली आणि मटकन वाळूत बसली. रंगूबाईनं वाटी तिच्या हातात कोंबली आणि तिला तिचा हंडा भरायला लावलं. एका शब्दानं गोंजारलं नाही.

दोघी डोक्यावर हंडे घेऊन भांडतच वसाहतीत शिरल्या. पाणी कुणामुळं हिंदकळलं, यावरून. साडेसात व्हायला आले होते. रांग त्यांच्याकडं वळली आणि जागच्या जागी गप झाली. चांगुणाही थबकली, पुन्हा तेच हसू चाळीस तोंडांवर उगवताना तिला दिसू लागलं.

रांगेत विठाबाई उभी होती. लेक सकाळपासून दिसेना म्हणून ती रुळांपर्यंत जाऊन शोधून आली होती. रुळांवर तिनं काय काय मनात आणलं असेल ते तिचं तिला ठाऊक. आता समोर लेक ओलीचिंब, केस विस्कटलेले, डोळे लाल आणि त्या डोळ्यांत राग. तिनं भिमाजीकडं पाहिलं, नळाकडं पाहिलं, आणि नऊ वर्षं गिळलेलं सगळं तिच्या तोंडाशी आलं.

"कुठं उलथली व्हतीस गं भवाने? घरात घोटभर पाणी नाय, बाप पारोसा बसलाय, आन तू नदीवर मिरवाया गेलीस? जीव गेला ना माझा हितं!"

कुणाच्या तरी हातून कळशी सुटली. भिमाजी पुढं आला. "विठाबाई, अगं नियम..."

"माहीत हाय मला नियम! आठ दिवस ना? पेईन वालदेवीचं!"

"मग सांगून जायला हवं होतं मी," चांगुणा ओरडली, "पण विचारलंस का तू कधी, कुठं चाललीस म्हणून?" आणि ती मोठ्यानं रडायला लागली. वखारीतनं आल्यावर जी रडली नव्हती ती आता रस्त्याच्या मधोमध रडत होती, आणि विठाबाई तिला एका हातानं मारत होती आणि दुसऱ्या हातानं घट्ट धरत होती. गल्लीतलं कुत्रं दोघींवर भुंकू लागलं.

नळ चाललाच होता, पाणी वाया जात होतं. विमलाबाईनं डोळे पुसले, भिमाजीकडं एकदा रागानं बघितलं, आणि आपल्या पट्टीच्या आवाजात ओरडली, "ए चांगुणा! रडायचं तर बाजूला सरून रड की, रांग खोळंबलीया तुझ्यापायी!"

त्या आठवड्यात वसाहतीतली तीन घरं वालदेवीचं पाणी प्यायली.