नंबर पडलेले दगड

दादा गेल्याची तार वडनेरच्या शाळेत आली तेव्हा मी चौथीच्या मुलींची हजेरी घेत होते. हजेरी पुरी केली, तारेच्या पाठीवर कामांची यादी लिहिली (रजेचा अर्ज, वर्ध्याची गाडी, वहिनीजवळ राहायला कोण, दादाच्या शाळेला निरोप) आणि निघाले. त्याला पाच आठवडे झाले. यादीतलं सगळं उरकलं. एक गोष्ट मात्र यादीत लिहिण्यासारखी नव्हती, ती इथे सांगते.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, सिंदीच्या शाळेत इतिहास शिकवायचा. सुटी लागली की सायकलला टेप, होकायंत्र आणि दशम्या बांधून बाहेर पडायचा. आपल्या जिल्ह्यात शेताच्या कडेला मोठ्या दगडांची वर्तुळं दिसतात. लोक त्यांना वळसा घालून नांगरतात. ती फार जुन्या माणसांची दफनं. ही माणसं कुठून आली आणि कुठे गेली, या एका प्रश्नामागे दादाने बारा वर्षं घातली. जाणकारांचं मत असं, की ते भटके लोक, मेलेला पुरला आणि पुढे गेले. दादाचं म्हणणं वेगळं होतं आणि ते हिंगणीच्या शिवारातल्या एका वर्तुळावर उभं होतं. तिथे एकतीस दगड होते. बावीस इथलेच काळे आणि नऊ तांबडे. तांबडा दगड या भागात नाही, तो दूर चांद्याकडचा. शिवाय ते नऊ सारखे खचलेले नव्हते, कुणी कंबरभर जमिनीत, कुणी वीतभर. म्हणजे एका वेळचे नव्हेत. दादा म्हणायचा, माणसं चांद्याकडून आली, इथे राहिली, आणि पिढ्यान्‌पिढ्या कुणी मोठं माणूस गेलं की जुन्या मुलखातून एक दगड घेऊन आली.

वर्धा अजून मध्यप्रदेशात होतं तेव्हाची गोष्ट. पुण्याचे दोन विद्वान एका सोमवारी ते वर्तुळ बघायला येणार होते. त्यांना पटलं असतं तर लेख छापला जाणार होता आणि खोदकामाची परवानगी मिळणार होती. नाही पटलं, तर बारा वर्षांची पायपीट ही एका मास्तरची हौस ठरणार होती.

नकाशा आणि नोंदवही माझ्याकडे होती. प्रत्येक दगडाला दादाने नंबराची चिठ्ठी सुतळीने बांधली होती. दोन दिवसांत बकऱ्यांनी सात चिठ्ठ्या खाल्ल्या. जंगलकामावर जाणारा कुमरे आम्हाला मदत करायचा, तो म्हणाला, "बाई, बकरी शिकून राह्यली. अजून चार खाल्ल्या का मॅट्रिक होते." मला हसू आलं नाही. मी पांढरा रंग आणला. दादा म्हणाला, "रंग नको, सुमे." मी म्हटलं, "मागून घासून काढता येतो." आणि एकतीस दगडांवर ठळक नंबर टाकले. कुमरे म्हणाला, "मास्तरालेबी एक टाका. जंगलात हरवते ते."

शनिवारी दुपारी शेवटची मापं घ्यायला मी एकटीच गेले. दादा शाळेच्या कामात अडकला होता. वर्तुळ दिसायच्या आधी घणाचा आवाज आला... मी धावत सुटले. नव्या रस्त्याच्या गिट्टीचं काम चालू होतं. काळे दगड जागेवर होते. तांबड्यांपैकी दोनच उभे होते. बाकी सात जागी ओले खड्डे. घण हातात घेतलेला माणूस कुमरेच होता.

"कुमरे, हे काय केलंत!"

"काय केलं? नंबर तं तुम्हीच टाकलते," तो गोंधळून म्हणाला. "जंगलात झाडाले सरकारी नंबर पडला का ते तुटते. मले वाटलं, मास्तराचं काम झालं, आता गोटे न्यायचे हायेत. लाल पह्यले फोडले, नरम होते."

त्याचं काही चुकलं नव्हतं. ज्या गावात नंबर पडलेलं झाड उभं राहत नाही, तिथे मी दगडांना नंबर दिले होते. गिट्टी कालपासून रस्त्यावर पडून वरून रूळही फिरला होता.

मी हातावर हात धरून बसणारी बाई नाही. गावात एका पडक्या गोठ्याच्या पायरीला चांद्याचे तांबडे दगड होते. मालकाला गाठलं, धड निघाले ते पाच दगड काढवले, रविवारी दुपारपर्यंत कुमरेकडून नोंदवहीतल्या मापाने खड्ड्यांत उभे करवले. कल तोच, खोली तीच. दादा सायकलवरून आला. कुमरेने त्याला वाटेतच सगळं सांगितलं होतं. तो वर्तुळाभोवती फिरला. एका दगडापाशी वाकला, छिन्नीच्या खुणांवरून बोट फिरवलं.

"हे काऊन ठेवलं?"

"दादा, उद्या ते येतील. मापं खरी आहेत, जागा खऱ्या आहेत. खोटं काय आहे यात?"

"दगड."

"बारा वर्षं, दादा!"

"माहीत आहे मले." त्याचा आवाज चढला, मग खाली आला. "सुमे, आजवर यात कोणी खोटा दगड ठेवला नाही. पहिला आपण ठेवायचा?"

कुमरेने पहार उचलली. दादाने दुसरी घेतली. पाचवा दगड ओढायला मीही हात लावला.

सोमवारी पाहुणे आले. दोन तांबडे दगड आणि सात खड्डे बघून त्यातले मोठे म्हणाले, "दोन दगड योगायोगानेही येतात, मास्तर. बाकीचे गेले कसे?" मी बोलायला तोंड उघडलं, तोच दादा म्हणाला, "नंबर टाकायची चूक माझी. लोकांना वाटलं, न्यायचे आहेत." धाकटे पाहुणे हसू लपवायला नकाशात बघू लागले. लेख छापला नाही. परवानगी आली नाही. दादाने पुढे इतर वर्तुळं मोजली, पण तसं दुसरं सापडलं नाही, आणि त्या दिवसाबद्दल तो मला कधी एक शब्द बोलला नाही. पाच आठवड्यांपूर्वी गेला, तेव्हाही त्याचं म्हणणं अर्धवटच सिद्ध झालेलं होतं.

गेल्या रविवारी मी दादा गेल्याचं कुमरेला सांगायला हिंगणीला गेले. परतताना त्याने मला स्टेशनवर सोडायला बैलगाडी जुंपली. गावाबाहेर रस्ता एके जागी काळ्याचा तांबूस होतो, फर्लांगभर. तिथे कुमरेने गाडी थांबवली, खाली उतरला आणि कासरा धरून बैलांबरोबर चालू लागला.

"काय झालं? बैल अडला का?"

"नाई, बाई. मास्तर इथं उतरत. दर खेपेले. सायकल हातात धरून एवढं पायीच जात. मी इचारलं, तं म्हणे, कुमरे, ज्याइनं हे गोटे इतक्या लांबून खांद्यावर आणले, त्याइच्या गोट्यावरून बसून कसं जावं."

आगगाडीला अर्धा तास होता आणि स्टेशन लांब होतं. 'कुमरे, गाडी चुकेल' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. मी पिशवी गाडीतच ठेवली आणि उतरले.