झाकणाच्या आतली चिठ्ठी

दुरुस्तीच्या दुकानात किस्से शोधावे लागत नाहीत. घरघंटी कितीही झटकून-पुसून ठेवा, झाकण उघडलं की कोपऱ्यात चिमूटभर पीठ असतंच. किस्से तसेच साठतात. मी फक्त दोन वर्षं तिथल्या स्टुलावर बसून ते बघतो आहे.

दुकान शिंद्यांचं. शिंदे मूळचे कऱ्हाडचे. मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात वीस वर्षं काढली आणि मग दिल्लीतल्या मयूर विहारमध्ये, आमच्या सोसायटीसमोरच्या मार्केटात, तळघरातला गाळा घेतला. जुन्या घरघंट्या आणि पाव-केकचं पीठ मळायचे मिक्सर विकत घ्यायचे, दुरुस्त करायचे, पुन्हा विकायचे. आमची घरघंटी तीनदा त्यांच्याकडे जाऊन आली, तेव्हाची आमची ओळख.

माझी बायको शुभा गेली, त्यानंतरच्या एका रविवारी शिंदे घरी आले. चहा घेतला. बाल्कनीत चादरीखाली झाकलेल्या घरघंटीकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "सर, रविवारी दुकानात येत जा. माझं अक्षर वाईट आहे. चिठ्ठ्या लिहायला कुणीतरी पाहिजे."

घरघंटीबद्दल मात्र काही विचारलं नाही.

*

या चिठ्ठ्या सुरू झाल्या मिरचीमुळे.

शिंद्यांनी एका गृहस्थाकडून घरघंटी विकत घेतली होती. "सिर्फ गेहूँ पीसा है," असं तो छातीवर हात ठेवून म्हणाला होता. ती गेली नोएडातल्या एका नव्या जोडप्याकडे. नव्या सुनेने पहिल्या पिठाच्या रोट्या सासऱ्यांना वाढल्या. पहिल्या घासाला ते गप्प बसले, दुसऱ्या घासाला पाणी प्यायले, तिसऱ्या घासाला डोळे पुसत म्हणाले, "बेटा, हमसे कोई नाराज़गी है क्या?"

शिंद्यांनी जुन्या मालकाला फोन लावला. तो अजिबात न गडबडता म्हणाला, "मिर्ची तो बस एक ही बार पीसी थी जी. दस किलो."

तेव्हापासून नियम झाला. विकायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं, यात काय काय दळलंत? जे उत्तर येईल ते चिठ्ठीवर लिहून झाकणाच्या आत चिकटवायचं. घेणाऱ्याने वाचावं आणि मग ठरवावं.

*

हा प्रश्न नवरा-बायकोला एकत्र विचारू नये, हे मला दुसऱ्याच रविवारी समजलं.

नवरा म्हणाला, "गेहूँ." मी लिहिलं.

बायको म्हणाली, "और चना." मी लिहिलं.

"बस," नवरा म्हणाला.

"बस कैसे? बाबूजी का त्रिफला?"

"वो लिखवाना ज़रूरी है?"

"दो साल हर इतवार पीसा है मैंने. लिखिए, भाई साहब."

मी लिहिलं. गहू, चणे, त्रिफळा. ती घरघंटी तीन महिने कुणी घेतली नाही. येणारा झाकण उघडायचा, वाचायचा आणि झाकण हळूच लावायचा. शिंदे मला म्हणाले, "सर, खरेपणाचं भाडं मी भरतोय."

शेवटी एक निवृत्त हेडक्लार्क आले. त्यांनी ओळीने सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या, या एका चिठ्ठीपाशी थांबले, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि म्हणाले, "यही दे दो."

*

मिक्सरवाल्यांची तऱ्हा वेगळी. सगळे घरी अडकून पडले होते त्या काळात अनेकांनी घरी पाव करायला म्हणून मिक्सर घेतले. ते आता एकेक करून खोक्यासकट परत येतात. गुडगावात आयटीत असलेला पुण्याचा एक तरुण असाच घेऊन आला. मी विचारलं, "किती वेळा वापरलात?"

"दोनदा," तो म्हणाला. "एकदा पाव करायला. एकदा तो पाव बारीक करायला."

जे खरंच वापरतात, त्यांचा गिअर तुटतो. आत एक प्लास्टिकचा गिअर असतो. पीठ फार घट्ट झालं की तो तुटतो आणि मोटर वाचते. घरून केक विकणाऱ्या एक बाई वर्षात तिसऱ्यांदा आल्या आणि शिंद्यांवर चिडल्या. "भैया, स्टील का क्यों नहीं डाल देते?"

"मैडम, स्टील का डालूँगा तो मोटर जलेगी. एक चीज़ ऐसी रखनी पड़ती है जो पहले टूटे."

"ऐसा तो फिर हर घर में होना चाहिए."

शिंदे स्क्रू आवळत म्हणाले, "होता है मैडम. हमारे घर में मैं हूँ."

*

करोल बागेत एका खोलीत राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी तिघं जणं आमची जुनी गिऱ्हाइकं. नांदेडचा कांबळे, बीडचा पठाण आणि वाशीमचा राठोड. दिल्लीत तिघांनाही भाकरीवाचून झोप येईना, म्हणून त्यांनी सगळ्यांत लहान घरघंटी घेतली आणि मेट्रोतून मांडीवर धरून नेली.

ती सारखी बिघडायची. एकदा शिंद्यांनी उघडून पाहिलं, तर आत काहीच बिघडलेलं नव्हतं. "अरे, रिकामीच चालवता की काय?"

पठाण म्हणाला, "काका, हिच्या आवाजात अभ्यास होत नाही. तेवढीच सुट्टी."

चार वर्षांनी त्यांनी ती विकायला आणली. राठोड पास झाला होता. कांबळे बँकेत लागला होता. पठाण गावी परत जाऊन शिकवणी काढणार होता. मी पेन काढलं आणि विचारलं, काय काय दळलंत?

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पठाण म्हणाला, "लिहा सर. ज्वारी, बाजरी आणि अकरा अटेम्प्ट."

मी तसंच लिहिलं. त्यांच्याच गल्लीतल्या पुढच्या मुलांनी ती नेली.

*

एक बाई आपल्या सासूबाईंची घरघंटी विकायला घेऊन आल्या. सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं. किंमत ठरली, मशीन टेबलावर चढलं. मी नेहमीचा प्रश्न विचारला.

"गेहूँ," त्या म्हणाल्या. मग थांबल्या. "दिवाली में बेसन. मोटा वाला, लड्डू के लिए. जाली वो खुद बदलती थीं, मुझे हाथ नहीं लगाने देती थीं. मैं पीसूँ तो कहती थीं कि आटा गरम हो गया." मग मक्याचं पीठ आलं, मग नातवासाठी दळलेलं तांदळाचं. माझी चिठ्ठी भरली, मी ती उलटी केली. वीस मिनिटांनी बाईंनी एकदम झाकण लावलं आणि त्या म्हणाल्या, "भैया, ऑटो में वापस रखवा दीजिए."

ऑटो गेल्यावर शिंदे म्हणाले, "सर, प्रश्न जरा घाईत विचारत जा."

मला त्यांनी तो प्रश्न तोपर्यंत एकदाही का विचारला नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

*

शुभाला गहू चालत नसे. वर्षानुवर्षं पोट दुखायचं, वजन उतरायचं, आणि अडतिसाव्या वर्षी एका डॉक्टरने सांगितलं की गव्हाचा कण पोटात जाता कामा नये. बाजारातल्या गिरणीतून ज्वारी दळून आणली तरी त्रास व्हायचा, कारण तिथे आधी गहूच दळलेला असे. म्हणून आम्ही घरघंटी घेतली. "दिल्लीत येऊन गहू सोडणारी मी एकटीच," असं ती पाहुण्यांना सांगायची.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी रुची नावाची एक आई दुकानात आली. बरोबर सात वर्षांची मुलगी, गुनगुन, लोकरी टोपी कानांपर्यंत ओढलेली.

रुचीने विचारलं, "भैया, कोई ऐसी चक्की है जिसमें गेहूँ कभी न पड़ा हो?"

गुनगुनला तोच आजार होता. घरातली घरघंटी सगळ्यांची होती, तिच्यात गहू रोजचा. नवी घेणं तूर्त जमण्यासारखं नव्हतं. शिंद्यांनी एकामागून एक झाकणं उघडून चिठ्ठ्या वाचल्या. मीच लिहिलेल्या होत्या. प्रत्येकीचा पहिला शब्द गेहूँ. पठाण-कांबळेंची असती तर चालली असती, पण ती गेली होती.

"नहीं है, मैडम," शिंदे म्हणाले. "अगले इतवार देख लीजिए."

हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. रुची गेल्यावरही पाहिलं नाही. एक जाळी घेतली आणि बराच वेळ घासत बसले.

पुढच्या शनिवारी मी त्यांना फोन केला. म्हटलं, "सकाळी हातगाडी घेऊन वर या."

रविवारी आमची घरघंटी त्यांच्या टेबलावर होती. शिंद्यांनी चिठ्ठ्यांचं पॅड स्वतःकडे ओढलं, पेन उघडलं आणि तो प्रश्न पहिल्यांदाच मला विचारला. घाई अजिबात केली नाही.

"ज्वारी," मी म्हणालो. "बाजरी. नाचणी. तांदूळ. उपवासाला राजगिरा."

"गहू?"

"नाही."

"सर, लहान पोरीचा प्रश्न आहे. एकदाही नाही?"

एकदा वेळ आली होती. शुभाच्या तेराव्याला घर नातेवाइकांनी भरलेलं होतं. पीठ संपलं. माझी वहिनी गव्हाचा डबा घेऊन बाल्कनीत गेली. मी तिला थांबवलं. ती म्हणाली, "भावजी, आता कुणाला त्रास होणार आहे?" मी चपला घातल्या, खाली मार्केटात गेलो आणि पाच किलो आटा घेऊन आलो.

मी शिंद्यांना हे सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पेन मिटलं. चिठ्ठीची गरज नव्हती. ती आतमध्ये आधीच होती.

रुची आणि गुनगुन अकराला आल्या. गुनगुनने टाचा उंचावून झाकण उघडलं. आत पांढऱ्या चिकटपट्टीवर शुभाचं ठसठशीत अक्षर होतं. गुनगुन बोट ठेवून वाचू लागली, "ग-व्हा-ने... अंकल, ये कौन सी हिंदी है?"

"मराठी," मी म्हणालो. "गव्हाने आत येऊ नये. अपमान होईल."

"मतलब?"

"मतलब, गेहूँ अंदर न आए. बेइज़्ज़ती होगी."

गुनगुन हसायला लागली ती थांबेचना. टोपी डोळ्यांवर घसरली, ती तिने वर केली, पुन्हा त्या पट्टीकडे पाहिलं आणि पुन्हा हसली. रुचीही हसली. शिंदे पाठ करून उगाच एक वायर गुंडाळत होते.

"किसने लिखा?" गुनगुनने विचारलं.

"मेरी पत्नी ने."

"वो भी गेहूँ नहीं खातीं?"

"नहीं."

"बिल्कुल नहीं?"

"बिल्कुल नहीं."

तिने झाकण नीट, दोन्ही हातांनी बंद केलं.

"तो उनको बता देना," ती म्हणाली, "मैं भी नहीं खाती."